इतर, कृपया लिहा

शहापुरात, खडेबाजारातल्या भांड्यांच्या दुकानावर
कानाचा दवाखाना आहे. त्याचा वेळ घ्यायचा फॉर्म
मी बनवला, तीन दुपारी बसून.
डॉक्टर अंगडी म्हणाले, लोक फोनवर ओरडतात,
ऐकू येत नाही म्हणून जास्तच ओरडतात,
तू त्यांना बोटानं बोलू दे.

मग मी चौकटीला एक बाण जोडला.
बोट ठेवलं की यादी शटरसारखी खाली येते.
शटर खाली आलं की दुकान बंद होतं,
इथं उघडतं.

तक्रार: कान दुखणे. कान वाहणे. कानात शिट्टी.
यंत्र बसवणे. यंत्राचा सेल.
इतर.
भाषा: मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी. यांतली एक.
किती वर्षांपासून: फक्त आकडे.
लाल चांदणी असेल ते रिकामं सोडता येणार नाही.

पहिल्याच आठवड्यात यास्मिन नदाफचा निरोप:
"भाषा एकच घेतंय की हे तुमचं.
घरातली सांगू का बाजारातली?
का अब्बा जिच्यात शिव्या देतात ती?"
मी चौकोन टाकले, हव्या तितक्या खुणा करा म्हटलं.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी चारही भरले,
आणि खाली लिहिलं: हातवाऱ्याची.

गावांच्या यादीत वडगाव दोनदा आलं,
एकदा मराठी वळणाचं, एकदा कन्नड.
एक काढ, डॉक्टर म्हणाले. कुठलं, ते नाही म्हणाले.
मी दोन्ही ठेवली,
मागच्या बाजूला दोघांना एकच नंबर दिला.
तो कुणाला दिसत नाही.

परशराम बुचडी मात्र जिना चढून स्वतः आले.
भुवयांवर सुताची पिंजण तशीच.
फोन माझ्यापुढं धरला, त्यावर लाल अक्षरं:
कृपया योग्य आकडा लिहा.
किती वर्षांपासून, या चौकटीत
नातवाकडून लिहून घेतलं होतं:
थोरलीच्या लग्नापासून.

कधी झालं लग्न? मी मोठ्यानं विचारलं.
"आं?"
कागदावर लिहिलं. वाचून हसले.
"मंगलाष्टका चालू होत्या, अन् मला
नुसते भटजींचे ओठ दिसायलेत.
म्हटलं बँडचा आवाज असंल.
बँडवाले तर बाहेर, विडी वडत बसलेले."

चाळीस वर्षं, चार माग, पत्र्याची एक खोली.
त्या खोलीत भांडायचं तरी ओठ बघून.
"ऐकू येतंय मला," ते म्हणाले, "कळत न्हाई.
हे तुझ्या यादीत कुठं हाय, दाखीव."

रात्री आकड्यांची अट उतरवली.
डॉक्टर कुरकुरले, आता सरासरी कशी काढायची?
लग्नांची काढू, मी म्हटलं.
त्या चौकटीत आता येतं:
गिरणीचं इंजिन बदललं तेव्हापासून.
आई गेली त्या आठवड्यापासून, पण एकाच बाजूनं.
फोनचे दहा आकडे मात्र तसेच ठेवलेत.
सगळंच सैल सोडून चालत नाही,
ताणा ढिला पडला तर साडी उतरत नाही,
वडगावात वाढल्यावर एवढं कळतं.

'इतर'च्या वर एक नवी ओळ घातली:
ऐकू येतं, कळत नाही.
महिन्यात अकरा जणांनी ती निवडली.
त्यातला एक नंबर डॉक्टरांच्या घरचा होता.
मी काही बोललो नाही, सकाळची वेळ दिली.

राहिली ती तारीख.
जाताना परशरामांनी विचारलं होतं,
लाइट कवा जाणार ते दिसतं काय ह्यात?
माग बंद पडला तरच येता येतं.
रविवार मी राखाडी केलाय, सणही.
लाइटचा दिवस आदल्या रात्रीपर्यंत कुणालाच ठाऊक नसतो.

त्यांच्या नावापुढची चांदणी काढली,
तारीख रिकामी ठेवून जतन केलं.
फॉर्म लाल झाला नाही.
काल दुपारी दोनला पंखा थांबला,
आणि मी जिन्याकडं बघत बसलो.